एक तारा? भाकरीला?

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नगर जिल्ह्यातल्या निघोजच्या एका चुलीवरच्या हॉटेलचा रिव्ह्यू टाकला. पाचात एक तारा. का, तर ‘जेवण यायला पाऊण तास. पंखा नाही. आणि रांजणखळगे म्हणजे नुसते खड्डे, ते आमच्या रस्त्यावरही आहेत.’ खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग! डोकंच फिरलं.

त्याच छपराखाली आम्ही हिवाळ्यात जेवलोय. शेजारच्या टेबलावरचा एक दादा मावशींवर असाच खेकसला होता, "अजून किती वेळ?" परातीतून मान वर न करता मावशी म्हणाल्या, "तुमी सांगितलं तवाच पीठ मळाया घेतलं, दादा. बाजरी हाय ती." संपला विषय. बाजरी आधी मळून ठेवली की थापताना चिरते, हे घरात भाकरी होते त्याला सांगावं लागत नाही. मासवडीचं तर सोडाच. बेसन घोटा, फडक्यावर थापा, तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळा, रस्सा वेगळा करा. पाऊण तासात झालं हेच नवल!

आणि खड्डे? अरे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा दगड आहे तो. भोवऱ्यात सापडलेले गोटे गरगर फिरवून कुकडी नदीने तो उखळासारखा कोरलाय. अलीकडे पारनेर तालुका, पलीकडे शिरूर, मधे ती काळी घळ. बघून बोलती बंद होते माणसाची. या दादाचं पोरगं मात्र वेफर्सचं पाकीट रांजणात टाकत होतं, आणि बापाच्या तोंडातून ब्र नाही. आवाज फुटला तो थेट भाकरीला उशीर झाल्यावर!

बरं, स्वच्छतागृह शोधत आम्हालाही वणवण करावी लागली, मान्य. त्यासाठी भांडा की, मीही येते. त्याचा राग मावशींच्या ताऱ्यांवर कशाला?

खरं सांगू, तो दादाही शेवटी विरघळला. ठेचा लावून, घाम पुसत आणखी एक भाकरी मागितली. मावशींनी पापुद्रा टम्म फुगलेली तव्यावरची वाढली आणि "ही आमच्याकडनं" म्हणाल्या. रिव्ह्यू त्याचाच असेल तर मात्र धन्य आहे.

तुम्ही जाणार असाल तर पावसाळ्यात नको, ओला दगड भयंकर निसरडा. आधी भाकरी सांगा, मग रांजणखळगे बघायला उतरा. आणि रोख पैसे ठेवा, आमच्या फोनला तिथे रेंज नव्हती.