बल्गेरियानं युरो घेतला म्हणून तासगावात दर वाढत नाय

आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला पाच जणांनी पाठवला. "1 जानेवारी 2026 पासून बल्गेरियापण युरोत, आता अख्ख्या युरोपात एकच चलन, युरो भडकणार, बिलं युरोतच लावा, डॉलरची कटकट संपली." मी तासगावात एका एक्सपोर्टरकडं कागदपत्रं बघतो, त्यामुळं गप बसवंना.

तारीख बरोबर हाय, बल्गेरिया 21 वा देश. पण अख्खा युरोप कुठला? पोलंडमध्ये झ्लॉटी, स्वीडनमध्ये क्रोना, आणि आपली द्राक्षं जातात त्या इंग्लंडात पौंडच. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात कंटेनर उतरला तर युरो, आणि तो काय आजचा नाय, नेदरलँड्स 1999 पासूनच युरोत हाय. आपला खरा फायदा तेव्हाच झाला, आधी गिल्डर, मार्क, फ्रँक सगळ्यांचे दर वेगवेगळे बघायला लागायचे.

आता भडकण्याचं. बल्गेरियाचा लेव, म्हणजे त्यांचं जुनं चलन, कितीतरी वर्षं युरोला बांधलेलाच होता, 1 युरोला 1.95583 लेव, आणि बदलताना पण हाच दर लावला. मग भडकायला नवीन घडलं काय? 1999 ला एकदम 11 देश आले तेव्हा युरो 1.17 डॉलरच्या आसपास होता आणि 2000 च्या ऑक्टोबरात 83 सेंटच्या खाली आला. अकरा जणांनी मिळून चढवला नाय तो एकटा बल्गेरिया चढवणार व्हय.

आणि डॉलरची कटकट कशी संपली ओ? बँकेत युरो-रुपयाचा दर निघतो तोच मुळात डॉलर मधे धरून, युरोला किती डॉलर आणि डॉलरला किती रुपये, दोन्हीचा गुणाकार. म्हणजे बिल युरोत लावलं की तुम्ही एका दरावर नाय, दोन दरांवर बसलाय. समजा 20,000 युरोचं बिल हाय, माल गेला तेव्हा युरो 103 ला धरला आणि पैसे यायला दोन-अडीच महिने लागले तोवर 100 झाला, तर 60,000 गेले, पॅकिंगच्या बायकांची हजेरी त्यातच निघाली असती. त्यापेक्षा बँकेत फॉरवर्ड बुक करा, म्हणजे पुढं येणाऱ्या पैशांचा दर आजच ठरवून ठेवा, नायतर गिऱ्हाईक ज्यात खळखळ न करता देतंय त्यात बिल लावा आणि त्याच हिशोबानं भाव बोला.

काल एक पाव्हणं म्हणाले, पैसे परकीय चलनाच्या खात्यातच ठेवतो, भडकल्यावर काढतो. म्हटलं अण्णा, एका महिन्यात जमा झालेलं पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयात करायलाच लागतं, तिथं वाट बघत बसता येत नाय. तर म्हणे, मेसेजमध्ये तसं लिहिलेलं नव्हतं.