म्हणे, सिम्युलेशन म्हणजे नुसती रंगीत चित्रं!

प्रोजेक्ट निवडायची वेळ आली की मुंबईतल्या एमएस्सीच्या मुलांमध्ये एक फॉरवर्ड फिरू लागतो. फोटॉनिक क्रिस्टलचं, म्हणजे तीच रचना ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मांडून प्रकाशाला अडवणाऱ्या पदार्थाचं, संगणकावरचं काम म्हणजे रंगीत चित्रं, खरं विज्ञान प्रयोगशाळेतच. पद्धती सगळ्या सारख्याच. आकडेमोडीसाठी जागेचे चौकोनी तुकडे पाडणारी जाळी बारीक केली की उत्तर आपोआप बरोबर. आणि महागडं सॉफ्टवेअर नसेल तर या वाटेला जाऊच नका. कुलाब्यात (टीआयएफआर) किंवा पवईत (आयआयटी) प्रयोगाला जागा न मिळालेली मुलं हे वाचून खट्टू होतात, म्हणून हा प्रपंच.

'खरं ते प्रयोगातच'? या विषयात तर प्रयोगाची चूक गणिताने पकडली. १९८७ साली भौतिकशास्त्रज्ञ याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, अशा क्रिस्टलची कल्पना मांडली. १९८९ मध्ये याब्लोनोविच आणि ग्मिटर यांनी मायक्रोवेव्हवर मोजमाप करून एफसीसी रचनेत (घनाचे कोपरे आणि प्रत्येक बाजूचा मध्य अशा मांडणीत) पूर्ण बँड गॅप, म्हणजे कुठल्याच दिशेने लहर जाऊ शकत नाही असा वारंवारतांचा टप्पा, मिळाल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी काही गटांनी प्रकाशाची मॅक्सवेलची समीकरणं ध्रुवणासकट (लहरीच्या कंपनाच्या दिशेसकट) सोडवली, तेव्हा डब्ल्यू बिंदूपाशी, म्हणजे लहरीच्या एका ठरावीक दिशेला आणि तरंगलांबीला, दोन पट्टे (जाऊ शकणाऱ्या वारंवारतांच्या मालिका) एकमेकांना चिकटलेले निघाले. गॅप पूर्ण नव्हताच. त्याच १९९० मध्ये हो, चॅन आणि सूकूलिस यांनी हिऱ्यासारखी मांडणी घेतली तर पूर्ण गॅप मिळतो हे गणिताने दाखवलं. १९९१ मध्ये याब्लोनोविच यांच्या गटाने तीन तिरक्या दिशांनी ड्रिल मारून हिऱ्याच्याच जातीची रचना घडवली. या खेपेला गॅप खरोखर मिळाला.

एक मात्र फॉरवर्डवाल्यांना द्यायला हवं. ध्रुवण वगळून केलेलं आधीचं सोपं गणितही एफसीसीत गॅप आहे असंच सांगत होतं.

म्हणूनच 'पद्धती सारख्याच' हेही टिकत नाही. अमर्याद क्रिस्टलचे पट्टे हवेत तर ब्लॉखच्या प्रमेयामुळे (रचना पुन्हा पुन्हा तीच येते म्हणून) तिचा एकच तुकडा पुरतो, तिथे सपाट लहरींची बेरीज करणारी प्लेन वेव्ह पद्धत घ्यावी. क्रिस्टलमधल्या प्रकाशवाटेच्या वळणावर किती प्रकाश सांडतो हे पाहायचं तर यीची १९६६ ची एफडीटीडी बरी, जी जाळीवर लहर क्षणाक्षणाने पुढे सरकवते. तीच पट्ट्यांसाठी वापरून थोडाच वेळ चालवली, तर वारंवारतेची जवळजवळची दोन शिखरं एकच दिसतात.

जाळीचं म्हणाल, तर चौकोनी लाद्यांनी विहिरीचा गोल काठ बांधायचा प्रकार आहे. लादी निम्मी केली तरी पायऱ्या उरतातच. त्रिमितीत मेमरी ८ पट लागते, आणि कूरांच्या अटीमुळे (घर लहान तर वेळेचं पाऊलही लहान) कालपायरीही निम्मी होऊन वेळ १६ पट. त्यापेक्षा काठावरच्या जाळीच्या घरांत दोन्ही पदार्थांची नीट सरासरी घेतली तर त्याच जाळीतून कितीतरी जास्त मिळतं.

खर्चाचा मुद्दा एका वाक्याचा: एमआयटीत घडलेली एमपीबी (प्लेन वेव्हसाठी) आणि मीप (एफडीटीडीसाठी) ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि द्विमितीतले पट्टे साध्या लॅपटॉपवर निघतात.

सुरुवात त्रिकोणी मांडणीतल्या हवेच्या छिद्रांपासून करा. पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (तो प्रकाशाला किती मंदावतो याचं माप) १३, छिद्राची त्रिज्या दोन केंद्रांमधल्या अंतराच्या ०.४८ पट. टीई आणि टीएम या दोन्ही ध्रुवणांना सामाईक गॅप दिसायला हवा. दोन छिद्रांमधली भिंत इथे अंतराच्या ०.०४ पट उरते, आणि जाळीसाठी अंतराचे १६ भाग केलेत तर एक घर ०.०६२५ पटीचं, म्हणजे भिंतीहून जाड, तेव्हा इथे जाळी याहून बारीक हवी.