‘पाकिटातले बी घेऊच नका’ या सल्ल्याचा प्रतिवाद

पेरणीचे दिवस जवळ आले की परसबागेची हौस असणाऱ्यांमध्ये एक संदेश हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. पाकिटातले संकरित बी प्रयोगशाळेत जनुके बदलून तयार केलेले असते. ते वांझ असते, त्यामुळे त्याच्या फळातले बी उगवत नाही. त्यावरचा गुलाबी किंवा निळा रंग म्हणजे विष. पाकिटावरची मुदत ही पुन्हा खरेदी करायला लावण्याची युक्ती. म्हणून खाण्यासाठी आणलेल्या कोणत्याही चांगल्या फळातले बी काढून पेरावे, म्हणजे दरवर्षी तेच झाड आणि तेच फळ मिळेल. बी चांगले आहे की नाही हे ओळखण्यासाठी ते पाण्यात टाकावे, बुडले तर पेरावे आणि तरंगले तर फेकावे, असा तोडगाही शेवटी जोडलेला असतो. यातले जवळजवळ प्रत्येक विधान कुठल्या तरी खऱ्या गोष्टीला चिकटलेले आहे, आणि म्हणूनच एका वाक्यात ते खोडून काढता येत नाही. कोणते बी विकत घ्यावे आणि कोणते घरी धरावे, हे त्या पिकाच्या फुलात परागीभवन कसे होते आणि त्याचे बी किती काळ तग धरते यावरून ठरते. संदेश मात्र सगळ्या पिकांना एकाच मापाने मोजतो.

पहिला मुद्दा संकर आणि जनुकबदल यांच्या घोटाळ्याचा. संकर म्हणजे एकाच पिकाच्या दोन वेगळ्या वाणांमध्ये घडवून आणलेले परागीभवन. पैदासकार दोन वाण अनेक पिढ्या स्वपरागीभवनाने शुद्ध करून घेतात, मग एकाची कळी उमलण्याआधीच तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढून टाकतात आणि दुसऱ्याचे पराग तिच्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, लावतात. त्या फुलाच्या फळात तयार होणारे बी म्हणजे पहिल्या पिढीचे संकरित बी, ज्याच्या पाकिटावर ‘एफ-१’ असे छापलेले असते. टोमॅटोचे संकरित बी आजही बव्हंशी असे हातानेच तयार होते आणि ते महाग असण्यामागे या मजुरीचा मोठा वाटा आहे. जनुकबदलाची रीत सर्वस्वी वेगळी आहे: तिथे निवडलेले जनुक प्रयोगशाळेत थेट पेशीत बसवले जाते, आणि असे वाण बाजारात आणण्यापूर्वी खर्चिक परवानग्या घ्याव्या लागतात. त्यामुळे ही बियाणी प्रामुख्याने मका, सोयाबीन, कापूस अशा मोठ्या क्षेत्रावरच्या पिकांची आहेत. घरगुती बागेसाठी असे बी कधी आलेच नाही, असे मात्र आता म्हणता येत नाही. २०२४ साली अमेरिकेत स्नॅपड्रॅगन या फुलझाडाची जनुके बसवलेल्या जांभळ्या टोमॅटोचे बी हौशी बागायतदारांना विकायला आले. पण ते जनुकबदल केलेले आहे हे विक्रेत्यांनी लपवले नाही, उलट तीच त्याची जाहिरात होती. साध्या संकरित पाकिटात असे काही गुपचूप भरले जाते या म्हणण्याला आधार नाही.

वांझपणाच्या आरोपाचा उगम शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९९८ साली अमेरिकेचा कृषी विभाग आणि डेल्टा अँड पाइन लँड ही कापूस बियाण्याची कंपनी यांना अशा एका तंत्राचे एकस्व (पेटंट) मिळाले, ज्यामुळे पिकाचे पुढच्या पिढीतले बी उगवणार नाही. ‘टर्मिनेटर’ या टोपणनावाने त्याचा जगभर निषेध झाला आणि ते बियाणे कधीच बाजारात आले नाही. निषेधाची आठवण तेवढी मागे राहिली आणि ती कालांतराने प्रत्येक संकरित पाकिटाला चिकटली. प्रत्यक्षात संकरित टोमॅटोच्या फळातले बी व्यवस्थित उगवते. बिघडतो तो सारखेपणा. ग्रेगोर मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हेच दाखवले होते. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या वाटाण्यांचा संकर केल्यावर पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले, आणि त्या पिढीच्या झाडांवर धरलेल्या ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल तर १,८५० सुरकुतलेले निघाले. ही एका गुणाची कथा झाली. संकरित टोमॅटोच्या आई-बापांत आकार, रंग, गोडी, रोगप्रतिकार, उंची असे कितीतरी गुण वेगळे असतात, त्यामुळे त्याच्या बियांपासून दहा रोपे केली तर दहा तऱ्हेची झाडे दिसू शकतात. ज्याला ठरावीक फळ हवे आहे त्याच्यासाठी हा तोटा आहे. ज्याला निवड करण्याची हौस आणि सबुरी आहे त्याच्यासाठी ती संधीही आहे, कारण स्वपरागीभवनाच्या प्रत्येक पिढीत मिश्र जोड्या, म्हणजे आई-बापांकडून वेगवेगळी आलेली जनुके, निम्म्याने कमी होत जातात आणि सहा-आठ पिढ्यांच्या निवडीनंतर आपला स्वतःचा, बऱ्यापैकी स्थिर वाण तयार होतो. वांझपणाची खरी उदाहरणे शोधायचीच असतील तर ती वेगळीकडे सापडतात. बिनबियांचे कलिंगड त्रिगुणित असते, म्हणजे त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, आणि त्यात पक्के बी धरतच नाही. कांदा आणि गाजर यांच्या अनेक संकरित वाणांत नरवंध्यत्व असते, म्हणजे फुले येतात पण त्यांत उपयोगी पराग नसतात. अशा झाडांकडून घरी बी धरायला जाणाऱ्याच्या हाती निराशाच येईल, पण त्यावरून सगळे संकरित बी वांझ ठरत नाही.

‘चांगल्या फळातले बी काढा’ हा सल्ला या संदेशाचा गाभा आहे, आणि माझ्या मते त्यातला सर्वांत घातक भागही तोच आहे. साधी अडचण अशी की आपण अनेक फळभाज्या कोवळ्या असतानाच खातो. काकडी, भेंडी, वांगे, दोडका, हिरवी मिरची ही खाण्याच्या अवस्थेत बियांच्या दृष्टीने अपक्व असतात. बियांसाठी ठेवलेली काकडी वेलावर पिवळी किंवा तपकिरी होईपर्यंत, साल राठ होईपर्यंत राहू द्यावी लागते. ती कापल्यावर आतला गर पातळ झालेला असतो आणि बी हाताला टणक, फुगीर लागते. कोशिंबिरीच्या काकडीतले ते पारदर्शक, दाताखाली सहज चिरडणारे बी वाळवून कितीही जपले तरी त्यातून रोप येत नाही.

फळ पूर्ण पिकलेले असले तरी त्याचा बाप कोण, हा प्रश्न उरतोच. वाटाणा, घेवडा, लेट्यूस आणि टोमॅटो यांची फुले बहुधा स्वतःच्याच परागांनी फळतात. वाण सरळ असेल, म्हणजे संकरित नसेल, तर या पिकांच्या बाबतीत संदेशाचा सल्ला बरोबर आहे आणि त्यांचे बी दरवर्षी विकत घेण्याची खरोखरच गरज नाही. टोमॅटोतही काही जुन्या, मोठ्या फळांच्या वाणांत कुक्षी पुंकेसरांच्या नळीबाहेर डोकावते आणि तिथे मधमाशी घोटाळा करू शकते, म्हणून असे वाण एकमेकांपासून थोडे लांब लावलेले बरे. मिरची याहून जास्त मिसळते. गोड ढोबळी मिरची तिखट मिरचीशेजारी लावून तिचे बी धरले तर पुढच्या हंगामात काही झाडांची ढोबळी तिखट निघते. भोपळावर्गीय पिके, मुळा, कोबी, पालक, गाजर, कांदा आणि मका ही तर परपरागीभवनावरच, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागांवरच, चालतात. इथे एक उलटा गैरसमजही ऐकू येतो, तो असा की काकडीशेजारी खरबूज लावले तर काकडीची चव बिघडते. काकडी आणि खरबूज यांचा एकमेकांशी संकर होत नाही. आणि जिथे संकर होतो तिथेही त्या वर्षीच्या फळाचा गर आईच्याच गुणांचा असतो, परक्या परागांचा परिणाम बियांत साठतो आणि पुढच्या पिढीत दिसतो. मका हा ठळक अपवाद आहे, कारण त्याचे दाणे आपण खातो ते मुळात बीच असते.

झुकिनी आणि शोभेचे रंगीबेरंगी छोटे भोपळे ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची भावंडे आहेत. शोभेच्या भोपळ्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू, विषारी द्रव्ये भरपूर असतात; खाण्याच्या वाणांतून ती निवडीने जवळजवळ घालवलेली आहेत. शेजारच्या कुंपणावरून आलेल्या मधमाशीने शोभेच्या भोपळ्याचे पराग झुकिनीच्या फुलावर आणले, तर त्या वर्षीची झुकिनी नेहमीसारखीच लागते, पण तिचे बी पुढल्या वर्षी पेरले की दिसायला निर्दोष आणि चवीला कडूजहर फळ येऊ शकते. २०१५ साली जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाऊन एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. हे विष शिजवल्याने नष्ट होत नाही. झुकिनी, दुधी किंवा काकडी कडू लागली तर तो घास थुंकून टाकावा आणि ती भाजी फेकून द्यावी, भिडेखातर खाऊ नये.

तरीही भोपळ्याचे बी घरी शुद्ध धरता येते. उद्या उमलणाऱ्या कळीच्या टोकावर आदल्या संध्याकाळी पिवळसर झाक दिसते. तेव्हाच एक मादीकळी, जिच्या देठाशी इवलेसे फळ असते, आणि दोन नरकळ्या दोऱ्याने हलकेच बांधून ठेवाव्यात. सकाळी लवकर नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मादीफुलाचा दोरा सोडून त्याच्या कुक्षीवर ते पराग फिरवावेत आणि मादीफूल पुन्हा बांधून त्या देठाला ओळखीची खूण करावी. फळ पूर्ण जून होईपर्यंत वेलावरच ठेवायचे. मक्याला मात्र ही युक्ती पुरत नाही. मोजक्या झाडांचे बी पिढ्यान्‌पिढ्या धरले तर मका खुरटत जातो, म्हणून वाण टिकवण्यासाठी शंभरहून अधिक झाडांचे बी एकत्र धरावे लागते, आणि गच्चीवरच्या बागेत ते होणे नाही. गाजर, कोबी आणि कांदा ही द्विवार्षिक पिके थंडीचा काळ गेल्यावर दुसऱ्या वर्षी फुलतात. ज्याच्याकडे तेवढी थंडी आणि तेवढा काळ अडवून ठेवण्याइतकी जागा नाही, त्याने यांचे बी मागवलेले बरे. शिवाय घरचे बी आपोआप निरोगी नसते. घेवड्याचा मोझॅक विषाणू आणि कोबीचा काळ्या कुजीचा जिवाणू बियांतूनच पुढच्या हंगामात जातात, तेव्हा रोगट झाडाचे बी ‘घरचे आहे’ एवढ्यावर ठेवू नये.

रंगाबद्दल संदेश अर्धा बरोबर आहे. बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेले बी कोणी चुकून खाऊ नये, जनावरांना घालू नये, यासाठी त्याला ठळक रंग देणे अनेक देशांत कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे रंग हा विष लपवण्यासाठी नसून दाखवण्यासाठी आहे. असे बी हाताळल्यावर हात धुवावेत, उरलेले पाखरांना टाकू नये, मुलांच्या हाती देऊ नये. थायरमसारखे बुरशीनाशक बियांच्या पृष्ठभागावर काम करते, तर निओनिकोटिनॉइड गटातली कीटकनाशके रोपात शोषली जातात. मधमाश्यांना असलेल्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१८ साली त्यांपैकी तिघांच्या उघड्या शेतातील वापरावर बंदी घातली. ज्याला हे नको आहे त्याने प्रक्रिया न केलेले बी मागावे, ते मिळते. पण लेट्यूस किंवा गाजराच्या बारीक बियांभोवती बहुधा नुसत्या मातीचे गोळीसारखे आवरण असते, जेणेकरून ते बोटांत धरून एकेक पेरता यावे. तेवढे पाहून घाबरण्याचे कारण नाही.

मुदतीच्या बाबतीत संदेश लिहिणाऱ्याला बीजाच्या टिकाऊपणाची उदाहरणे ठाऊक असावीत. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम बील यांनी १८७९ साली मिशिगनमध्ये बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ सालीही उगवल्या, हे खरे आहे. पण त्या तणाच्या बिया होत्या. कांद्याचे बी साध्या घरगुती साठवणीत वर्षा-दोन वर्षांत दम तोडते, मिरचीचे दोनेक वर्षांत, गाजर आणि घेवड्याचे तीनेक वर्षांत. टोमॅटोचे चार-पाच वर्षे आणि काकडीचे पाचेक वर्षे सहज टिकते. बियांतला ओलावा एका टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बियाणेतज्ज्ञांचा ठोकताळा आहे. तेव्हा पाकिटावरची तारीख उलटली म्हणजे बी मेले असे नव्हे, आणि उलटली नाही म्हणजे जिवंत आहे असेही नव्हे. तापलेल्या खोलीत उघडे राहिलेले नवे पाकीटही वाया जाते. खात्री करण्यासाठी वीस बिया ओलसर कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवाव्यात आणि त्या पिकाला लागणाऱ्या दिवसांनंतर कोंब मोजावेत. चौदा उगवल्या तर उगवण सत्तर टक्के, त्या हिशेबाने बी थोडे दाट पेरावे. पाण्यात बुडवण्याची परीक्षा या चाचणीपुढे टिकत नाही. टोमॅटोच्या बियांवरच्या लवेत हवा अडकते म्हणून चांगले बीही तरंगते, आणि मेलेला घेवडा निमूटपणे बुडतो. भाताचे पोकळ दाणे मिठाच्या पाण्यात वेगळे काढण्याची जुनी, उपयुक्त रीत आहे, पण तिच्यातून दाणा भरलेला आहे एवढेच कळते.

राहिला प्रश्न मागवण्याचा. फसवणूक होते, यात शंका नाही. निळ्या स्ट्रॉबेरीचे बी विकणाऱ्या जाहिराती निव्वळ चित्रांवर चालतात, कारण तशी स्ट्रॉबेरी अस्तित्वातच नाही. न मागवता टपालाने आलेले बी कधीच पेरू नये. पण विश्वासाच्या ठिकाणाहून बी मागवताना जी माहिती मिळते, ती बाजारातल्या फळाला विचारून मिळत नाही: वाणाचे नाव, तो संकरित की सरळ, लॉट क्रमांक, चाचणीची तारीख, उगवणीची टक्केवारी. प्रमाणही पाहावे, टोमॅटोच्या एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात, आणि घरच्या बागेला त्यांतल्या वीसही जास्त होतात. कांद्याच्या बाबतीत तर वाणाचे नाव कळल्याशिवाय मागणी नोंदवूच नये. लहान दिवसांचे वाण दिवस दहा-बारा तासांचा असताना गड्डा धरू लागतात, मोठ्या दिवसांच्या वाणांना चौदा तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो, आणि विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात मोठ्या दिवसांचा कांदा लावला तर पात उत्तम वाढते पण खाली गड्डा भरत नाही. वाण कोणत्या दिवसमानाचा आहे हे विक्रेत्याला सांगता येत नसेल, तर कांद्याचे बी दुसरीकडून मागवावे.