रोटरी पॉलिशरच्या वेगाबाबत खुलासा
‘रोटरी पॉलिशर मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालवला की ओरखडे झटपट निघतात आणि रंगाला काही होत नाही,’ असा संदेश गाडीचा रंग घासून चकचकीत करणाऱ्या या यंत्राबद्दल सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे, आणि नवशिक्यांसाठी तर घातकच. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे बहुधा केसाहूनही पातळ असतो, आणि रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने ते क्षणभर एका जागी रेंगाळले तरी घर्षणाची उष्णता तिथेच साठते. बॉनेटच्या कडांवर मास्किंग टेप लावावी. शिकताना भंगारातले जुने बॉनेट घ्यावे, पॅड सपाट धरून 1000 फेऱ्यांच्या आसपास सुरुवात करावी आणि मधूनमधून पत्र्याला हात लावून पाहावा. कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर ताबडतोब थांबावे.