अक्काच्या ताटातलं मटण आणि रक्तातलं प्रोटीन

गेल्या रविवारी शिवाजी पेठेत अक्काकडं जेवायला गेले होते. तांबडा-पांढरा दोन्ही रस्से झाले होते, दाजी आणि पोरं वाटी मागून वाटी संपवत होती, आणि अक्का ताटात भात अन् दोडक्याची भाजी घेऊन बसली होती. मटण नाही, अंडं नाही, आमटीचंही वरचं पाणी तेवढं. विचारलं तर म्हणाली, "प्रोटीन बंद केलंय ग मी. रक्तात वाढलंय म्हणूनच अंग दुखतंय म्हणत्यात." तीन आठवडे हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

अक्काला फायब्रोमायल्जिया आहे. वय 52. सगळं अंग ठणकतं, रात्रभर झोपूनही सकाळी झोप झाली असं वाटत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. निदान व्हायलाच चार वर्षं गेली. हे सगळं सोसलेल्या बाईला एका व्हॉट्सॲप मेसेजनं ताटावरून उठवलं, म्हणून हे लिहिते आहे. तो मेसेज मला तीन ग्रुपवरून आला, तुम्हालाही आला असेल. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: फायब्रोमायल्जिया आता रक्ताच्या तपासणीत शंभर टक्के कळतो, रक्तात प्रोटीन वाढल्यानं तो होतो, म्हणून डाळी, अंडी, दूध, मटण बंद करा, रिपोर्ट नॉर्मल आला तर आजार नाही, मनाचे खेळ आहेत, हा फक्त बायकांचा आजार आहे, गोळ्या आजच सोडा आणि रक्त शुद्ध करणारा काढा सुरू करा. शेवटी घरी येऊन रक्त नेणाऱ्या 'महिला प्रोटीन पॅकेज'चा नंबर.

मी 22 वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळसर पाणी, वेगळं करून मशीनला लावणं हे माझं रोजचं काम. त्यामुळं सगळ्यात आधी खाण्याचंच घेते, कारण नुकसान तिथं होतंय.

अक्कानं तिचा रिपोर्ट दाखवला. टोटल प्रोटीन 7.8. खाली पेनानं रेघ ओढलेली. अहो, साधारण 6 ते 8 ग्रॅम ही तर नेहमीची मर्यादा आहे! ती मर्यादेच्या आत आहे. आणि मुळात संशोधक ज्या प्रोटीनबद्दल बोलतात ते हे नव्हेच. टोटल प्रोटीन म्हणजे रक्तातल्या शेकडो प्रोटीनची एकत्र बेरीज, त्यात निम्म्याहून जास्त एकटं अल्ब्युमिन. फायब्रोमायल्जियाच्या अभ्यासांत हॅप्टोग्लोबिन, फायब्रिनोजेन अशी एकेक प्रोटीन मास स्पेक्ट्रोमेट्रीनं, म्हणजे रेणूंचं वजन करून ते ओळखणाऱ्या यंत्रानं, वेगळी काढून मोजतात. फायब्रिनोजेन रक्ताची गुठळी बांधायला लागतं. तांबड्या पेशी फुटल्या की बाहेर पडणारं हिमोग्लोबिन धरून ठेवणं हे हॅप्टोग्लोबिनचं काम. ही दोन्ही तुमचं-माझं लिव्हर तयार करतं, आणि शरीरात कुठं सूज असली की जास्त तयार करतं. मटणातलं प्रोटीन अख्खंच्या अख्खं रक्तात जाऊन बसत नाही. पोटात आणि आतड्यात त्याचे तुकडे होऊन अमिनो आम्लं होतात, मग त्यातून शरीर आपल्याला हवं ते बांधतं. रश्श्याची वाटी बाजूला सारली म्हणून हॅप्टोग्लोबिन उतरत नसतं.

उतरतं काय, तर स्नायू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे माणसाला रोज किलोमागं 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. अक्काचं वजन 60 किलो, म्हणजे रोज 50 ग्रॅमच्या आसपास. भात-दोडक्यात ते कुठून येणार? पाळी गेल्यानंतरच्या वयात स्नायू तसेही झडत असतात. आणि या आजारात सगळ्यात भक्कम पुरावा कशाचा आहे, तर व्यायामाचा. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं, युलारनं, 2016 मध्ये सगळे उपचार तपासले, तेव्हा ठाम शिफारस फक्त व्यायामाला मिळाली. अक्काला डॉक्टरांनी रंकाळ्यावर हळूहळू चालणं वाढवायला सांगितलंय. मार्चमध्ये ती दोन बाकांपर्यंत जायची, दिवाळीत पदपथावरून अर्धी फेरी मारायला लागली होती. या तीन आठवड्यांत परत दोन बाकांवर आली. हे त्या मेसेजचं काम.

आता 'शंभर टक्के कळतो' हे. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. फायब्रोमायल्जिया असलेल्या बायकांच्या रक्तात काही प्रोटीनचं प्रमाण निरोगी बायकांपेक्षा वेगळं दिसलंय. स्वीडनमध्ये, स्पेनमध्ये असे अभ्यास झालेत, खोटं नाही ते. पण तो फरक गटागटांतला आहे. तालमीतल्या 50 पैलवानांचं आणि बाहेरच्या 50 पोरांचं वजन करा, पैलवानांची सरासरी जास्तच भरेल. म्हणून रस्त्यानं जाणारा 90 किलोचा माणूस पैलवान ठरतो का? शिवाय वजन, कमी झोप, चालू असलेली औषधं, हालचाल कमी होणं, या सगळ्यानं तीच प्रोटीन वरखाली होतात. वेगवेगळ्या अभ्यासांच्या याद्याही एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. आजही निदान होतं ते बाईशी बोलून आणि तिला तपासून. 2016 च्या निकषांत अंगाच्या 19 भागांपैकी कुठं कुठं दुखतं, थकवा, झोप आणि विसरभोळेपणा किती, आणि हे तीन महिने टिकलंय का, हे बघतात. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (शरीरात सूज आहे का ते सांगणाऱ्या), थायरॉइड या तपासण्या होतात त्या दुसरं काही नाही ना हे बघायला. ईएसआर-सीआरपी फार वाढलेले निघाले तर डॉक्टर उलट दुसरा आजार शोधायला लागतात. आणि त्या पॅकेजमध्ये काय आहे? टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन, सीआरपी. यातल्या एकाही आकड्यावरून फायब्रोमायल्जिया ठरत नाही.

'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे मनाचे खेळ.' हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं, कारण दाजींनी तेच अक्काला ऐकवलंय. तेही आधीपासून, मेसेजनं फक्त बळ दिलं. दाजी, हे तुमच्यासाठी लिहिते. 2021 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले, लिव्हरपूलमधले आणि स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले संशोधक एकत्र आले. त्यांनी फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांच्या रक्तातलं आयजीजी काढलं. आयजीजी म्हणजे अँटिबॉडी, तेही एक प्रोटीनच. ते त्यांनी उंदरांना टोचलं. ते उंदीर दाबल्यावर आणि थंडीनं जास्त कळवळायला लागले, त्यांची पकड ढिली पडली, हिंडणंफिरणं कमी झालं. निरोगी माणसांचं आयजीजी टोचलेल्या उंदरांना काहीच झालं नाही. काही आठवड्यांनी अँटिबॉडी शरीरातून गेल्या आणि आजारी उंदीर पूर्ववत झाले. मणक्याजवळ संवेदनांच्या मज्जापेशींच्या गाठी असतात, तिथल्या आधारपेशींना त्या अँटिबॉडी चिकटलेल्या सापडल्या. उंदराला सासर नसतं, टेन्शन नसतं, 'कामाचा कंटाळा' नसतो. तरी त्याला दुखलं. ही तपासणी आपल्या लॅबमध्ये होत नाही, कारण ती अजून संशोधनातच आहे. म्हणूनच आपल्या कागदावर सगळं नॉर्मल येतं आणि बाईचं अंग मात्र खरोखर दुखत राहतं.

फक्त बायकांचा आजार? बायकांत निदान जास्त होतं, पण पुरुषांनाही होतो, आणि 'मला सगळीकडं दुखतंय' म्हणायला पुरुष लाजतात हेही त्यात आहे. बरेच अभ्यास फक्त बायकांवर केलेले असतात, त्यावरून ही समजूत झाली असावी.

काढ्यावर वेळ घालवत नाही. रक्त शुद्ध करायला लिव्हर आणि किडनी आहेत. पण गोळ्या आजच सोडा हे फार घातक आहे. ड्युलॉक्सेटीन किंवा प्रीगॅबॅलिन ही या आजारात देतात ती औषधं एकदम तोडली तर चक्कर, मळमळ, घाम, झोप उडणं असा त्रास होतो. कमी करायचीच असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. अक्कानं गोळ्या सोडल्या नव्हत्या, एवढं एक बरं झालं.

ज्यांनी ज्यांनी हा मेसेज पुढं पाठवलाय त्यांनी त्याच ग्रुपवर 'हे चुकीचं आहे' एवढं एक वाक्य टाकावं. आमच्या ग्रुपवर मी टाकलंय. अक्काला फोन केला तेव्हा अख्खा मसूर शिजत होता. म्हणाली, "थोडाच घेते." मी म्हटलं, वाटीभर घे, आणि संध्याकाळी मी येते, रंकाळ्यावर जाऊ.