चोवीस कोअर म्हणजे नेमके काय?

गेले तीन आठवडे रोज रात्री जेवणे आटोपली की मी एकच काम घेऊन बसते, ते म्हणजे नव्या संगणकासाठी प्रोसेसर निवडणे. माझ्या जुन्या यंत्रात चार कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आत स्वतंत्रपणे काम करणारे चार भाग, आहेत. त्यावर तासाभराचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला की पुढचे दोन तास त्या यंत्रावर दुसरे काही करता येत नाही, म्हणून जास्त कोअरचा प्रोसेसर घ्यावा, एवढी साधी गरज घेऊन मी या शोधाला सुरुवात केली होती. आज माझ्या वहीत सतरा रकान्यांचा तक्ता तयार झाला आहे आणि तरीही कोणता प्रोसेसर घ्यावा हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. याचा मला मनस्वी संताप आला आहे. कष्टाचे पैसे मोजून वस्तू घेणाऱ्या माणसाला ती वस्तू नेमकी काय आहे हे खोक्यावरून कळू नये, ही गोष्ट मला कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही.

सगळ्यात मोठा राग 'कोअर' या शब्दाचे जे करून ठेवले आहे त्याचा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरच्या वर्णनात २४ कोअर असे ठळक छापलेले असते. त्यांपैकी ८ कोअर मोठे आणि वेगवान आहेत, तर १६ लहान आणि कमी वीज खाणारे आहेत. मोठ्या कोअरवर प्रत्येकी दोन थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे) चालतात आणि लहानांवर एकच, म्हणून एकूण थ्रेड होतात ३२. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा ९ २८५के मध्येही ८ मोठे आणि १६ लहान असे २४च कोअर आहेत, परंतु एका कोअरवर दोन थ्रेड चालवण्याची सोयच त्यातून काढून टाकलेली असल्यामुळे थ्रेडही २४च उरतात. दुसरीकडे एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्स मध्ये कोअर १६ असले, तरी ते सगळे एकाच बांध्याचे आहेत आणि थ्रेड ३२ आहेत. आता या तिघांमधून निवड करायला बसलेल्या माणसाने २४ हा आकडा १६ पेक्षा मोठा आहे एवढ्यावर पैसे भरायचे का? लहान कोअर वाईट असतात असे माझे मुळीच म्हणणे नाही. एकाच वेळी अनेक तुकड्यांत वाटता येणारे काम ते चोख करतात आणि कमी जागेत, कमी विजेत करतात. माझी तक्रार बेरजेबद्दल आहे. दोन वेगळ्या ताकदीच्या गोष्टी एकत्र मोजून एकच मोठा आकडा ठळक छापायचा आणि त्याची फोड बारीक अक्षरांत ढकलून द्यायची, हा प्रकार ग्राहकाची दिशाभूल करणारा आहे.

वेगाच्या आकड्याचेही तेच आहे. त्याच १३९००के च्या नावापुढे ५.८ गिगाहर्ट्झ असे लिहितात, पण हा वेग तापमान आणि वीज अनुकूल असतील तेव्हा एखाद-दुसऱ्या मोठ्या कोअरला मिळतो. लहान कोअरची कमाल मर्यादा ४.३ गिगाहर्ट्झ आहे. माझा व्हिडिओ एक्स्पोर्ट होत असताना सगळे कोअर एकदम कामाला लागतात, तेव्हा मला मिळणारा वेग कोणता, हे त्या ठळक आकड्यावरून कळत नाही. कॅश मेमरीतही, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीतही, हीच गोम आहे. रायझन ९ ७९५०एक्स३डी मध्ये १६ कोअर आहेत, पण जादा कॅश त्यांतल्या आठच कोअरच्या वाट्याला आलेली आहे, आणि कोणते काम कोणत्या आठांकडे जाईल हे ऑपरेटिंग सिस्टिम, ड्रायव्हर आणि बायोस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्रॅम) यांच्या सेटिंगवर अवलंबून राहते.

नावांबद्दल तर बोलावे तितके थोडेच आहे. रायझन ७ ५७०० या एकाच आकड्याखाली निदान चार प्रोसेसर आहेत: नुसता ५७००, ५७००एक्स, ५७००जी आणि ५७००एक्स३डी. चौघांतही कोअर आठ आणि थ्रेड सोळा. कोणालाही असेच वाटेल की नुसता ५७०० हा ५७००एक्स चा जरासा मंद भाऊ असावा. वस्तुस्थिती अशी आहे की नुसता ५७०० मुळात ५७००जी च्याच घडणीचा असून त्यातले ग्राफिक्स बंद केलेले आहे. त्याची एल३, म्हणजे तिसऱ्या पातळीची, कॅश १६ एमबी आहे आणि त्याला ग्राफिक्स कार्डासारखे भाग जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी मिळते, तर ५७००एक्स ला ३२ एमबी कॅश आणि चौथी पिढी मिळते. एक्स३डी मध्ये हीच कॅश ९६ एमबी होते. म्हणजे कॅश सहापट वाढली तरी आकडा बदलत नाही, शेवटी एखादे अक्षर येते किंवा जाते. हा तक्ता मी वहीत उतरवून काढला तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते, आणि पेन खाली ठेवताना माझा हात रागाने खरोखर थरथरत होता, कारण त्याच्या आदल्या दिवशी मी नुसता ५७०० जवळजवळ मागवलाच होता.

मोठा आकडा म्हणजे नवी पिढी, हा समजही या बाजारात टिकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेली रायझन ८०००जी मालिका ७००० मालिकेच्याच झेन ४ रचनेवर आधारलेली आहे आणि तिच्या ८७००जी मध्ये एल३ कॅश १६ एमबी, म्हणजे ७७०० मधल्या ३२ एमबीच्या निम्मीच आहे. त्याच मालिकेतल्या ८५००जी मध्ये सहा कोअर सांगितले जातात, पण त्यांतले दोन पूर्ण वेगाचे झेन ४ आणि चार आटोपशीर, कमी वेगाचे झेन ४सी आहेत. इंटेलची १४वी पिढी ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, ती बहुतांशी १३व्या पिढीचीच सुधारित आवृत्ती होती.

आता विजेकडे वळते, कारण इथे माणसाची फसगत थेट यंत्रातल्या उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. नावात के हे अक्षर नसलेल्या कोअर आय९-१२९०० वर ६५ वॉट असा आकडा आहे. हा आकडा मूळ वेगाचा आहे. पूर्ण जोरात चालताना याच प्रोसेसरची अधिकृत कमाल मर्यादा २०२ वॉट आहे, म्हणजे तिपटीहून जास्त. १३९००के चा आकडा १२५ वॉट, कमाल मर्यादा २५३. रायझन ९ ७९५०एक्स चा आकडा १७०, पण सॉकेटमधून (प्रोसेसर बसतो त्या जागेतून) तो २३० वॉटपर्यंत वीज घेऊ शकतो. पाहा, मूळ वेगाचा 'वॉट', कमाल मर्यादेचा 'वॉट' आणि सॉकेटमधला 'वॉट' या तीन वेगळ्या गोष्टी, आणि कूलर विकणारा पुन्हा आपल्या खोक्यावर स्वतःच्या हिशोबाचा चौथाच वॉट छापतो. या चारांची सांगड घालून माझ्या कॅबिनेटमध्ये कोणता कूलर पुरेल हे मीच ठरवायचे, आणि चुकले तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करील, म्हणजे ज्या वेगासाठी जादा पैसे मोजले तोच मिळणार नाही. वर कित्येक मदरबोर्ड मूळ सेटिंगमध्येच या मर्यादा सैल करून ठेवतात. जादा वीज आणि व्होल्टेज ही क्षुल्लक बाब नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले, वाढीव व्होल्टेज हे त्यामागचे कारण असल्याचे कंपनीने मान्य केले, मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचनांमध्ये) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. इतके होऊनही बोर्डाच्या बायोसमध्ये शिरून वीजमर्यादा तपासण्याची जबाबदारी शेवटी ग्राहकावरच येते.

बरे, एवढे सगळे समजून घेतले तरी जास्त कोअर म्हणजे जास्त वेग हे समीकरण जाहिरातीत दाखवतात तितके सरळ नाहीच. संगणकतज्ज्ञ जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिले होते की कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तो एकूण वेगाला लगाम घालतो. कामाचा ८० टक्के भाग वाटता येत असेल, तर चार कोअरवर ते एका कोअरच्या अडीचपट वेगाने होते, आठांवर सुमारे ३.३ पट, सोळांवर चारपट, आणि कितीही कोअर लावले तरी पाचपटीच्या पलीकडे जात नाही. हे मला कागदावर ठाऊक होते, पण एका ओळखीच्यांच्या सोळा थ्रेडच्या यंत्रावर माझा प्रकल्प उघडून पाहिला तेव्हा ते डोळ्यांना दिसले. टास्क मॅनेजरमध्ये सोळा चौकोन मांडलेले होते. आवाजाची साफसफाई करणारे फिल्टर लावले तेव्हा त्यांतल्या एका चौकोनातली रेघ वर छताला चिकटली आणि उरलेल्या पंधरांतल्या रेघा तळाशी आडव्या पडून राहिल्या. एक्स्पोर्ट सुरू केल्यावर मात्र सोळाच्या सोळा चौकोन भरले. माझ्या एकाच कामाचे हे दोन भाग आहेत, आणि दोन्हींना वेगवेगळ्या गुणांचा प्रोसेसर लागतो. याचे उत्तर देणारी चाचणी मी तीन आठवडे शोधते आहे. सापडतात ते गेमचे आलेख, तेही बाजारातले सर्वांत महाग ग्राफिक्स कार्ड लावून १०८० पिक्सेलवर काढलेले, म्हणजे प्रोसेसरमधला फरक जास्तीत जास्त ठळक दिसावा. चाचणी म्हणून ती पद्धत बरोबर आहे हे मला कळते, परंतु त्या आलेखावर बोट ठेवून 'हाच घ्या' असे सांगणाऱ्यांना समोरच्याचे काम काय आहे हे एकदा विचारावेसे वाटू नये, याची मला चीड येते.

आणि प्रोसेसर निवडला म्हणजे सुटलो, असेही नाही. गेल्या वर्षी मी माझ्या धाकट्या भावासाठी संगणक जोडला. मदरबोर्डच्या खोक्यावर त्या पिढीचे प्रोसेसर चालतात असा चकचकीत शिक्का होता. सगळी जोडणी केली, बटण दाबले, पंखे फिरले, आणि मॉनिटर काळाच राहिला. बोर्डाच्या कडेला बारीक अक्षरांत सीपीयू असे छापलेले होते आणि त्याच्याशेजारी एक तांबडा ठिपका पेटून राहिला होता. आम्ही तीन वेळा कूलर काढला, थर्मल पेस्ट पुसून पुन्हा लावली, सॉकेटमधल्या पिना टॉर्चच्या उजेडात एकेक करून पाहिल्या, रॅमची एकच पट्टी ठेवून प्रत्येक खाचेत बसवून पाहिली. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, माझ्या हातून काही मोडले का गं?" त्याच्या हातून काहीही मोडलेले नव्हते. दुसऱ्या रात्री बोर्डाच्या निर्मात्याच्या तक्त्यात एक ओळ सापडली, तिच्यात त्या प्रोसेसरसाठी लागणाऱ्या बायोसची आवृत्ती दिलेली होती, आणि आमच्या हातातला बोर्ड ती आवृत्ती येण्याच्या आधी कारखान्यातून बाहेर पडलेला होता. प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण त्या बोर्डावर नव्हते. सेवाकेंद्राने सांगितले की जुना प्रोसेसर बसवून बायोस अपडेट करा. ज्याने आयुष्यातला पहिला संगणक घेतला आहे, त्याच्याकडे जुना प्रोसेसर कुठून येणार? एका मित्राने आपले चालते यंत्र उघडून त्यातला प्रोसेसर नऊ दिवसांनी आम्हाला दिला, तेव्हा कुठे तो तांबडा ठिपका विझला.

रॅमचे एक सांगून टाकते, कारण तेही कोणी आधी सांगत नाही. रायझन ७००० मालिकेत डीडीआर५ प्रकारच्या रॅमच्या दोन पट्ट्यांसाठी अधिकृत वेग सेकंदाला ५२०० मेगाट्रान्स्फर आहे, आणि चार पट्ट्या लावल्या की तो ३६०० वर येतो. बोर्डावर खाचा चार दिलेल्या असतात, म्हणून पुढेमागे आणखी दोन पट्ट्या घालू असा हिशोब करणारा माणूस तिथेही फसतो.

मला काय हवे आहे ते मी अगदी मोजक्या शब्दांत सांगू शकते. खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठे कोअर किती आणि लहान किती, सगळे कोअर एकदम चालताना कमाल वीज किती, एल३ कॅश किती आणि ती सगळ्यांना सारखी मिळते का, आत ग्राफिक्स आहे की नाही, आणि ही घडण मुळात कोणत्या वर्षाची आहे, एवढेच छापा. ही सगळी माहिती कंपन्यांकडे तयार आहे. ती चार वेगवेगळ्या पानांवर विखरून ठेवलेली आहे, आणि ती गोळा करण्यात माझ्या तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या आहेत.

काल रात्री मी शेवटी एकाच बांध्याच्या आठ कोअरचा एक प्रोसेसर पक्का केला, कारण माझ्या फिल्टरला एका कोअरचा वेग हवा आहे आणि एक्स्पोर्टला सोळा थ्रेड पुरेसे आहेत. मग बोर्डाचा तक्ता उघडला. त्यात हा प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते दिले आहे, पण विक्रीला ठेवलेल्या खोक्यातल्या बोर्डावर कोणती आवृत्ती आहे हे कुठेही लिहिलेले नाही. विक्रेत्याला विचारले, तर उत्तर आले, "नवीनच असणार, मॅडम." मी पुन्हा लिहून विचारले आहे की आवृत्तीचा आकडा सांगा. तो आकडा हातात येत नाही तोवर मी पैसे भरणार नाही.