जुन्या काट्यासाठी नवी विंडोज

वेंगुर्ल्याकडे तुमचा काजूचा लहानसा कारखाना असेल, बी तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा वर्षानुवर्षं बिनतक्रार कॉम्प्युटरला वजन कळवत असेल, तर सावध व्हा. इतकं सुरळीत चाललेलं बरं नव्हे.

सुरुवात गणपतीत करा. मुंबईहून भाचा येतोच. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे ऐकवून तो ऑफिसातून निघालेला एक सीपीयू तुमच्या टेबलावर ठेवेल, विंडोज ११ टाकेल आणि विसर्जनानंतर परत जाईल. काटा जोडून बघायची घाई करू नका. मार्च उजाडू दे, बी घेऊन टेम्पो दारात लागू दे, पहिली गोण काट्यावर चढू दे. स्क्रीनवर वजनाच्या जागी शून्य बघण्यात जी मजा आहे ती सप्टेंबरात नाही.

काटा सिरियल पोर्टाचा, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीचा. नव्या सीपीयूला तो पोर्टच नाही, म्हणून मध्ये यूएसबीची कन्व्हर्टर केबल. तिच्या फुगीर टोकात एक चिप असते आणि सगळं महाभारत त्या चिपेचं. डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण दिसेल आणि शेजारी पोर्टाच्या नावाऐवजी चक्क निरोप: ‘पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२. प्लीज कॉन्टॅक्ट युवर सप्लायर.’ म्हणजे या नावाची ही चिप २०१२ पासून बाद, विक्रेत्याला विचारा. चिप मेलेली नाही, ती बनवणाऱ्या कंपनीच्याच नव्या ड्रायव्हरने, म्हणजे विंडोजला चिपेशी बोलायला लावणाऱ्या प्रोग्रामने, तिला वाळीत टाकलंय. सप्लायरला जरूर फोन करा. त्याने ते दुकान बंद करून होमस्टे काढला असेल, तर दर विचारून ठेवा.

मग ड्रायव्हर शोधायला बसा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं जे पहिलं फुकट दिसेल ते घ्या. ते तुमच्या मशीनमध्ये भाराभर दोष काढेल आणि दुरुस्तीचे पैसे मागेल. त्यानंतर कोणीतरी छेडछाड केलेला, सही (बनवणाऱ्याची डिजिटल खूण) नसलेला ड्रायव्हर देईल. व्हिस्टापासून ६४ बिटची विंडोज बिनसहीचा ड्रायव्हर चालवून घेत नाही, पण पळवाट आहे: शिफ्ट दाबून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट, मग ७ आकडा. काटा चालू! ही सूट फक्त पुढच्या रीस्टार्टपर्यंत, एवढीच अट. आणि आपल्याकडे रीस्टार्ट माणसाने करायचा नसतो, तो लाईट करते. यूपीएसची बॅटरी तर तुम्ही दोन पावसाळ्यांपूर्वीच बदलणार होतात. दुपारी लाईट गेली, आली, की कोड ५२, म्हणजे ‘ड्रायव्हरची सही पटत नाही’ ही तक्रार, हजर, आणि गोणीपाशी उभा माणूस विचारणार, “आत्ता तर चलत होता, काय झाला रे?” शिफ्ट दाबा. संध्याकाळपर्यंत बोटांना सवय होते.

कायमची सोय हवी तर ड्रायव्हरवर स्वतःच चाचणीपुरती सही ठोका आणि तसली सही चालवून घेणारा टेस्ट मोड लावा. त्यासाठी आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, जाऊन सिक्युअर बूट हा सुरू होतानाचा पहारा बंद करायचा, म्हणजे ज्या सुरक्षेसाठी विंडोज ११ घेतली ती काढून ठेवायची. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात तशी पाटीही लागते, गिऱ्हाइकाला वाचता येईल अशी.

बिलाच्या जुन्या प्रिंटरचं थोडक्यात सांगतो. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा, विंडोज ११ फक्त ६४ बिटची. कम्पॅटिबिलिटी मोड लावत राहा. सेटअपची खिडकी छान उघडते, ड्रायव्हर मात्र होता तिथेच.

काही भलते लोक सांगतील की त्या चिपेचा २००८ सालचा सही असलेला ड्रायव्हर टाका, ‘अपडेट ड्रायव्हर’मध्ये जाऊन यादीतून तीच जुनी आवृत्ती हाताने निवडा, की काटा बोलू लागतो. म्हणतील, लिनक्सला ही केबल लावली तर ड्रायव्हर शोधावाच लागत नाही, तो आतच असतो. दुसऱ्या चिपेची नवी केबल काही शेकड्यांत मिळते असंही सुचवतील. आणि एखादा अगदीच अडाणी म्हणेल की जुना कॉम्प्युटर इंटरनेट काढून फक्त काट्यापाशी ठेवा. अशांना चहा पाजा आणि वाटेला लावा.

तरी त्यांचं ऐकून जुनी आवृत्ती निवडलीतच आणि काटा चालला, तर दिवसभर तोलून घ्या. रात्री मशीन बंद करताना ‘शट डाउन’च्या शेजारी ‘अपडेट अँड शट डाउन’ दिसेल. विंडोजने तुमच्यासाठी नवा ड्रायव्हर आणून ठेवलेला असेल. दाबा.